पक्ष्यांच्या बेटांवर शिडाच्या नौकेने

हिंदी महासागरातल्या सेशेल्सला यॉट भाड्याने घेऊन फिरायचे, असे आम्हा मित्रमंडळींनी ठरवले तेव्हा बहुतेकांच्या मनात निळे पाणी आणि पांढरी वाळू होती, तर माझ्या मनात कूझँ, क्युरियूज आणि आरीद ही तीन बेटे होती. देशाच्या ११५ बेटांपैकी ही तिन्ही प्रालँ या मोठ्या बेटाच्या आसपास आहेत, तिन्ही वन्यजीवांसाठी राखीव आहेत आणि पर्यटकांना तेथे मुक्काम करता येत नाही. त्यामुळे दिवसा बेटावर जावे आणि रात्री जवळपासच्या एखाद्या सुरक्षित उपसागरात नांगर टाकून यॉटवर झोपावे, हा क्रम सर्वांत सोयीचा पडतो. मात्र अशा सहलीचे वेळापत्रक यॉटच्या सोयीने न आखता बेटांच्या सोयीने आखले पाहिजे, हे माझे ठाम मत आहे. कोणते बेट कोणत्या वारी उघडे असते, कोणत्या महिन्यात कोणता वारा वाहतो, कासवे केव्हा येतात, हे आधी पाहावे आणि पोहणे, आराम, गप्पा यांना उरलेली जागा द्यावी.

येथे मे ते सप्टेंबर आग्नेयेचे वारे वाहतात आणि नोव्हेंबर ते मार्च वायव्येचे. शिडाच्या दृष्टीने आग्नेयेचा भरदार वारा उत्तम असला, तरी त्याच काळात लहान बेटांच्या किनाऱ्यांवर लाटा उसळतात आणि उतरणे अवघड होते. एप्रिल आणि ऑक्टोबर हे वारे पालटण्याचे महिने त्या मानाने शांत असतात. हॉक्सबिल कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम सप्टेंबरच्या सुमारास सुरू होत असल्याने आम्ही ऑक्टोबर निवडला. माहे या मुख्य बेटापासून प्रालँपर्यंतचे सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर आमच्या कॅटमरानने, म्हणजे जोडतळाच्या नौकेने, शिडावरच कापले. आमच्यापैकी दोघांना नौका हाकता येत असली, तरी आम्ही तेथलाच कप्तान सोबत घेतला होता आणि तसाच सल्ला मी इतरांनाही देईन, कारण या भागात पाण्याखाली ग्रॅनाइटचे खडक ठिकठिकाणी दबा धरून असतात. महासागराच्या मधोमध असलेली बेटे सहसा ज्वालामुखीची किंवा प्रवाळाची असतात. ही बेटे मात्र सुमारे ७५ कोटी वर्षे जुन्या ग्रॅनाइटची आहेत. दख्खनचा लाव्हा ज्या युगात वाहिला, साधारण त्याच युगात भारतीय भूखंडापासून तुटलेला हा तुकडा आहे, हे कळल्यावर त्या गुलाबी-करड्या शिळांकडे आम्ही अधिक आपुलकीने पाहू लागलो.

कूझँ हे बेट सोमवार ते शुक्रवार, तेही सकाळीच, पाहता येते. आपली नौका बाहेर उभी करायची आणि थांबायचे. बेटावरचे कर्मचारी स्वतःच्या होडीतून येऊन आपल्याला घेऊन जातात. आपल्या डिंगीला, म्हणजे यॉटवरच्या छोट्या होडीला, किनाऱ्याला लागायची मुभा नाही. नावाड्याने किनाऱ्याजवळ होडी रोखली, मागे वळून लाटांचा अंदाज घेतला, सर्वांना दोरी घट्ट धरायला सांगितले आणि एका लाटेच्या पाठीवर इंजिन पूर्ण वेगाने सोडून शेवटच्या क्षणी ते वर उचलले. होडी वाळूवरून घसरत थेट कोरड्यात जाऊन थांबली. या सगळ्या व्यवस्थेचे कारण एकच आहे, आणि ते म्हणजे उंदीर. बाहेरच्या होडीत दडून आलेली उंदराची एक गाभण मादी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा सारा संसार उधळून लावू शकते. सेशेल्सच्या अनेक बेटांवर उंदीर आणि मांजरे माणसाबरोबर पोचली आणि तेथले स्थानिक पक्षी नाहीसे होत गेले. कूझँवर ती पोचली नाहीत.

या बेटाची कथा मला फार मोलाची वाटते. एकेकाळी हे नारळाची लागवड केलेले बेट होते. येथे सेशेल्स वॉर्ब्लर या चिमुकल्या, किडे टिपणाऱ्या पक्ष्याचे जगातले शेवटचे तीसहूनही कमी जीव उरले होते, तेव्हा १९६८ मध्ये पक्षिसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आजच्या बर्डलाइफ इंटरनॅशनलच्या पूर्वसुरींनी, ते विकत घेतले. त्यानंतर नारळाची रोपे काढून टाकण्यात आली आणि पिसोनियासारख्या मूळच्या झाडांना वाढू देण्यात आले. झाडी परतली तसे किडे परतले आणि किड्यांमागून वॉर्ब्लरही वाढले. पुढे काही पक्षी आरीद, कूझीन, डेनिस आणि फ्रेगेट या बेटांवर नेऊन सोडण्यात आले आणि आज त्यांची संख्या हजारांच्या घरात आहे. या पक्ष्यावर झालेल्या संशोधनातली एक गोष्ट विलक्षण आहे. आदल्या विणीतल्या मुली अनेकदा आईबापांजवळ राहून धाकट्यांना वाढवायला मदत करतात आणि किड्यांची चंगळ असलेल्या हद्दीतल्या माद्यांना प्रामुख्याने मुलीच होतात. टंचाईच्या हद्दीत मात्र दूर निघून जाणारे मुलगे अधिक जन्मतात. वाटाड्याने हे सांगितले तेव्हा आमच्यातले पक्ष्यांविषयी फारशी आवड नसलेले मित्रही पानांच्या खालच्या बाजूला डोळे लावून उभे राहिले.

वाटेत माझ्या खांद्याच्या उंचीवर एका आडव्या फांदीच्या किंचित खोलगट जागी पांढऱ्या सुरय पक्ष्याचे एकच ठिपकेदार अंडे होते. काड्या, गवत, पिसे यांचा कसलाही आधार त्याला नव्हता. उघड्या सालीवर ते नुसते टेकलेले होते. शुभ्र मादी (किंवा नर, कारण दोघेही उबवतात) हातभर अंतरावर बसून काळ्याभोर डोळ्यांनी आमच्याकडे पाहत राहिली आणि उडाली नाही. अशा अंड्यातून निघणारे पिल्लू भक्कम पंजे घेऊनच जन्मते आणि वाऱ्यापावसात फांदीला चिकटून राहते. खाली पाचोळ्यात सापसुरळ्यांची सळसळ सतत चालू होती, कारण वरून पडणारे मासे आणि फुटलेली अंडी यांवर त्यांची गुजराण होते. १९९४ पासून येथे सेशेल्सचा दयाळही आहे. १९६०च्या दशकाअखेरीस हा पक्षी फक्त फ्रेगेट बेटावर जेमतेम डझनभर उरला होता. आमच्या पायांजवळ तो निर्धास्त पाने उलटत होता.

परतीच्या वाटेवर एक हॉक्सबिल मादी वाळूवर आली. जगात इतरत्र ही कासवे बहुधा रात्री अंडी घालतात, सेशेल्समध्ये ती दिवसाढवळ्या येतात. वाटाड्याने आम्हाला तिच्या मागच्या बाजूला, तिला दिसणार नाही असे, खाली बसवले. मागचा उजवा पाय पळीसारखा वळवून ती मूठभर वाळू अलगद वर आणी, बाजूला ठेवी, मग डावा पाय आत घाली. खड्ड्याची कड एकदाही ढासळली नाही. सेशेल्सने १९९४ मध्ये समुद्री कासवांना पूर्ण कायदेशीर संरक्षण दिले, परंतु कूझँवर राखण त्याआधीपासून होती आणि १९७० च्या दशकापासून पुढच्या साडेतीन दशकांत येथे अंडी घालायला येणाऱ्या माद्या सुमारे आठपट झाल्या.

क्युरियूजवर वातावरण मोकळे आहे. १७६८ च्या फ्रेंच मोहिमेतील जहाजाचे नाव या बेटाला मिळाले. १८३३ पासून १९६५ पर्यंत, मधला काही काळ वगळता, येथे कुष्ठरोग्यांची वसाहत होती आणि तिच्या डॉक्टरांचे घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे. आल्डाब्रा या सेशेल्सच्याच दूरच्या प्रवाळबेटाहून आणलेली महाकाय कासवे वाटेवर आडवी पडलेली असतात. तेथून खारफुटीतली लाकडी पायवाट धरली की उथळ पाण्यात लेमन शार्कची पिल्ले फिरताना दिसतात. कोको द मेरचे, म्हणजे जोडनारळाचे, झाड जगात केवळ प्रालँ आणि क्युरियूज या दोनच बेटांवर निसर्गतः उगवते. प्रालँवरचे व्हाले द मे हे युनेस्कोने १९८३ मध्ये जागतिक वारसा म्हणून घोषित केलेले रान पाहिल्याशिवाय ही सफर पुरी होत नाही, एवढेच सांगून मी पुढे जातो.

यॉटवरच्या वागण्याविषयी थोडे लिहायला हवे. नांगर वाळूतच टाकावा आणि बांधण्यासाठी तरंगता बोया असेल तर नांगर टाकूच नये, कारण साखळी प्रवाळावरून घासत जाते. १९९८ मध्ये समुद्राचे पाणी तापल्याने येथील बहुतांश प्रवाळ रंग उडून मेले आणि उरलेले व नव्याने वाढणारे प्रवाळ नाजूक आहेत. अंधार पडल्यावर डेकवरचे झगझगीत दिवे आम्ही मालवत असू, कारण अंड्यातून निघालेली कासवाची पिल्ले आणि शिअरवॉटर पक्षी अशा उजेडाने दिशा चुकतात. बोलणे त्याने उलट अधिक रंगे.

आरीदला आम्ही उतरू शकलो नाही. हे बेट १९७३ मध्ये संरक्षणासाठी विकत घेतले गेले. लेसर नॉडी पक्ष्यांची येथली वसाहत जगातली सर्वांत मोठी मानली जाते आणि राइट्स गार्डेनिया हे झुडूप निसर्गतः फक्त येथेच वाढते. सकाळी कप्तानाने रेडिओवर विचारले तेव्हा किनाऱ्यावर लाटा फार असल्याने आज कोणालाही उतरवणार नाही, असे बेटावरून सांगण्यात आले. आपली डिंगी वापरून पाहू या, असे एका मित्राने सुचवले. कूझँवर उंदरांबद्दल ऐकलेले दुसऱ्याने त्याला आठवण करून देताच त्याने तो विषय स्वतःच मागे घेतला. मग बेटापासून योग्य अंतर राखून आम्ही उत्तरेच्या कड्यांखालून एक फेरी मारली. फ्रिगेट पक्षी पंख न हलवता घिरट्या घालत होते आणि लांब शेपटीचे ट्रॉपिकबर्ड कपारींतून आतबाहेर करत होते. एप्रिलमध्ये, वारे पालटण्याच्या दिवसांत, पुन्हा जायचे आम्ही ठरवले आहे. आरीदसाठी सलग काही सकाळी मोकळ्या ठेवल्या आहेत, म्हणजे एक दिवस लाटांनी अडवले तरी दुसरा हाताशी राहील.