एका ओळीतली क्वेरी

मे महिना, जळगावची दुपार, पंखाही गरम वारा फेकत होता. तेवढ्यात केळीच्या व्यापाऱ्याचा फोन: "भाऊ, ज्यांचे पैसे कधीच दिले ते शेतकरी बाकीच्या यादीत कसे? आणि सगळे रावेरचेच!"

यादी रावेर आणि यावल तालुक्यांतली, देणं बाकी असलेल्यांची. ती काढणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, माझ्या आधीच्या माणसाची, सगळी एका ओळीत. उजवीकडे सरकत शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची.

आधी ती फोडली. सिलेक्टखाली ओळीला एक रकाना. फ्रॉम, जॉइन, व्हेअर डाव्या कडेला. जॉइनची, म्हणजे दोन तक्ते जोडायची, ऑन अट चार स्पेस आत. टॅब नाही, कारण दुसऱ्याच्या मशीनवर टॅबची रुंदी बदलली की रांगा विस्कटतात. कीवर्ड, म्हणजे सिलेक्ट, फ्रॉमसारखे ठरलेले शब्द, कॅपिटलमध्ये. डेटाबेसला लहानमोठं सारखंच, पण माझ्या डोळ्यांना नाही.

मग व्हेअरच्या अटी सुट्या दिसल्या: तालुका रावेर, ऑर (किंवा) तालुका यावल, अँड (आणि) बाकी शून्यापेक्षा जास्त. मी दोन्ही तालुके एकाखाली एक आत सरकवले, 'बाकी'ची अट बाहेर ठेवली. दिसायला चोख. चालवली, तर यादी तीच!

शेजारच्या टेबलावरून अमळनेरचे आबा डोकावले. "हाई काय शे रे भाऊ? कंस कुठंय?"

चूक तिथंच होती. डेटाबेस ऑरच्या आधी अँड सोडवतो. म्हणजे बाकीची अट फक्त यावलला चिकटलेली आणि रावेरचे सरसकट सगळे आत. मी सोडलेल्या मोकळ्या जागा डेटाबेसच्या लेखी नव्हत्याच. त्यांनी फसवलं ते मला. दोन्ही तालुक्यांभोवती कंस घातला, यादी सुधारली.

इथं थांबलो असतो तर बरं. पण हौस! कंसाच्या ओळीशेवटी दोन डॅश देऊन टीप लिहिली, 'आधी तालुके, मग बाकी', आणि क्वेरी रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. ते सॉफ्टवेअर सेव्ह करताना सगळ्या ओळी जोडून एक करतं, हे माझ्या ध्यानात नव्हतं. दोन डॅशनंतर ओळ संपेपर्यंत सगळी टीपच, डेटाबेस ती वाचतच नाही. बाकीची अट टिपेत गेली. एररही नाही, कारण उरलेली क्वेरी धडधाकट होती.

आता टीप स्लॅश आणि स्टारच्या जोडीत बंद करून लिहितो. पण त्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन वाजला.

"भाऊ, आता तर यावलचेही सगळे आले."