तुम्ही विचारलंत म्हणून: लग्न नक्की कोणत्या धर्माचं झालं?

सजावटीची चौकशी करायला फोन येतो आणि शेवटी गाडी इथेच येऊन थांबते. मुलगा बेने इस्राएल (मराठी यहुदी), मुलगी मराठी ख्रिस्ती, लग्न बडोद्यात. चर्चमध्ये उपासना, मग तलीतच्या, म्हणजे यहुदी प्रार्थनेच्या शालीच्या, छताखाली अंगठी आणि पायाखाली पेला फोडणं. "छानच झालं हो, पण लग्न नक्की कोणत्या धर्माचं झालं?" पूर्वी मी झटकन "दोन्ही" म्हणायचे. आता म्हणवत नाही.

आधी कायदा, कारण तो सोपा आहे. विशेष विवाह कायदा, 1954. दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात निदान 30 दिवस वास्तव्य हवं. नोटीस लागली की 30 दिवस थांबायचं, तीन साक्षीदार आणायचे. तीन महिने उलटले तर पुन्हा पहिल्यापासून. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली चर्चमध्येही लग्न लागू शकतं, पण सर्वसाधारणपणे वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 7 अशी बांधलेली आहे. शनिवार धरणारे नेमके इथे अडकतात. शब्बाथ, म्हणजे यहुदींचा विश्रांतीचा दिवस, शनिवारी तारे दिसल्यावर सुटतो आणि मे महिन्यात बडोद्यात सूर्यच सातनंतर मावळतो. म्हणून नोंदणी आधी उरकावी आणि चर्चमध्ये फक्त आशीर्वादाची उपासना ठेवावी, हे मी सगळ्यांना सांगते. मुलगी कॅथलिक असेल तर मिश्र लग्नासाठी बिशपांची सूट वेळेत मागा. आणि लग्नाची वचनं दुसऱ्या धर्माच्या विधीत पुन्हा घ्यायला त्यांच्या चर्चचा कायदाच मनाई करतो, हेही आधीच ऐकून ठेवा.

तारखेचं म्हणाल तर लेंट (ईस्टरआधीचा उपासकाळ) संपतो न संपतो तोच ओमेरचे (यहुदींच्या वल्हांडणानंतरचे, लग्न टाळायचे) 49 दिवस येतात. फेब्रुवारी ते जून फारसं काही हाती लागत नाही. नाताळ ते उत्तरायण हा काळ उत्तम: कमुरतां म्हणजे धनुर्मास चालू, हिंदू लग्नं थांबलेली, हॉल रिकामे. रविवार घ्या. यहुदी तेवेत महिन्यातला उपास त्याच दिवशी येत नाही ना, तेवढं पाहा.

आता ते, जे मला सांगायचं नव्हतं.

एका लग्नात मी केतुबा, म्हणजे यहुदी लग्नाचा करारनामा, छापून घेतली. हाती बनवलेला जाड कागद, कडेला डाळिंबं आणि द्राक्षवेल, मधोमध हिब्रू अक्षरांत अरामी भाषेतला मजकूर. नमुना ठरलेला असतो, तो जसाच्या तसा उचलला आणि फक्त नावं बदलली. साक्षीदार म्हणून मुलाचे काका आणि मुलीचे मामा. कागद तलीतच्या छताशेजारी स्टँडवर लावला. मंडपवाला, फोटोग्राफर, सगळे त्याचंच कौतुक करत होते. विधीला वीस मिनिटं असताना काका चष्मा लावून समोर उभे राहिले. एका ओळीवर बोट ठेवून मला म्हणाले, "हे वाचलंत, की नुसतं छापलंत?"

ती ओळ म्हणजे 'मोशे आणि इस्राएलच्या नियमाप्रमाणे'. वधू यहुदी नसेल तर त्या नियमाप्रमाणे हे लग्न लागतच नाही. मग तो नियम ज्यात लिहिलाय तो कागद काय सांगतो? बरं, साक्षीदार दोघंही यहुदी आणि नात्याबाहेरचे लागतात. माझे दोन्ही नातेवाईक, आणि एक तर ख्रिस्ती. तारीखही चुकली होती. यहुदी दिवस सूर्यास्ताला बदलतो, विधी सूर्यास्तानंतरचा, संध्याकाळी साडेसहाचा होता, आणि मी सकाळची तिथी छापली होती.

काकांनी आवाज चढवला नाही. "मुलगी आमचीच आहे," म्हणाले, "पण मी सही करणार नाही. तिच्यासमोर खोटं कशाला?" मुलीला कोपऱ्यात नेऊन सांगावं लागलं. तिने चार महिने ती हिब्रू अक्षरं गिरवली होती. ती एवढंच म्हणाली, "मग बाकीचं खरं आहे का?" मी कागद उतरवला. स्टँड तसाच रिकामा राहिला, आणि फोटोत तो दिसतो.

नमुना बाजारात मिळतो, लोक लावतात, मी एकटीच का दोषी, असं मी बरेच दिवस म्हणत होते. खरं सांगायचं तर ती अक्षरं मला सुंदर दिसत होती म्हणून हवी होती. अर्थ विचारायला अहमदाबादच्या सिनेगॉगपर्यंत एक फोन पुरला असता. तेव्हाची मी म्हणेन, "लोकांना सोहळा हवा असतो, धर्मशास्त्र नको." तिला उत्तर द्यायला माझ्याकडे फक्त तो रिकामा स्टँड आहे.

तेव्हापासून कागदाला मी 'वचनपत्र' म्हणते. त्यात मराठीत दोघांची वचनं, दोन्ही पंचांगांच्या तारखा आणि सगळ्या जवळच्यांच्या सह्या. यहुदी विधीतल्या सात आशीर्वादांचा मराठी अर्थ वडीलधारे वाचतात. 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा' हे चर्चमध्येच, छताखाली नाही. स्तोत्र 128 दोन्हीकडे चालतं. यहुदी पुरुषांच्या टोप्या चर्चमध्ये डोक्यावरच राहतील हे पाळकसाहेबांना आधी कळवायचं.

यहुदी विधीतल्या द्राक्षारसाची चिंता दारूबंदीच्या गुजरातमध्ये सगळ्यांना वाटते. दारू लागतच नाही, बेने इस्राएल घरांत काळ्या मनुकांचं सरबत पूर्वापार चालत आलंय. पाव किलो मनुका धुऊन लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, दहा मिनिटं उकळा, कुस्करून दोनदा गाळा आणि फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवस बाहेर राहिलं तर आंबायला लागतं, मग दारूबंदीचा प्रश्न खरोखरच येतो. आदल्या रात्रीच्या मलिद्याला (बेने इस्राएलांचा गोड पोह्यांचा प्रसाद) किलोभर जाडे पोहे, दोन नारळ, साखर, वेलची. दुकानात नुसतं 'पौंआ' मागितलं तर चिवड्याचे नायलॉन पोहे हातात पडतात, आणि भिजवले की त्यांचा लगदा होतो.

पेला पातळ काचेचा आणि रुमालात घट्ट गुंडाळलेला हवा. स्टेजवर गालिच्याखाली फोम असतो, त्यावर पेला घसरतो पण फुटत नाही. खाली लाकडी पाट ठेवा. मोजडीच्या तळव्यातून काच शिरते, बूटच घाला. अंगठी बिनखड्याची हवी. यहुदी रीत उजव्या हाताच्या तर्जनीची, चर्चची डाव्या अनामिकेची. अनामिकेच्या मापाची अंगठी तर्जनीच्या पेरात अडकते आणि सगळ्यांसमोर ओढाताण होते. तर्जनीच्या टोकाला लावून मग अनामिकेत घालावी.

मंगळसूत्रावर मात्र कधी वाद झालेला पाहिला नाही. बेने इस्राएल बायकाही घालतात, मराठी ख्रिस्तीही. क्रूस की तारा असा प्रश्न आला की साध्या दोन वाट्या ओवतात.

एका आजींनी वचनपत्र वाचून विचारलं होतं, "म्हणजे आमच्या मुलीला अर्धंच का?" मी तेव्हा गप्प बसले. मुलं कोणत्या धर्माची धरायची हे तर मला कुणी विचारतही नाही, ते घरीच भांडतात.

ती केतुबा अजून माझ्या कपाटात गुंडाळी करून पडली आहे. त्या मुलीनेच मध्यंतरी निरोप पाठवला की फ्रेम करून लावायची आहे, काकांचीही हरकत नाही. मी अजून दिलेली नाही.