आधी परिशिष्ट एक

गिरगावातल्या एका जुन्या सांस्कृतिक संस्थेत मी व्यवस्थापक म्हणून रुजू झाले तेव्हा डोक्यात फक्त कार्यक्रम होते. बारा वर्षं बॅकस्टेज केलेलं, दामोदर हॉलपासून दीनानाथपर्यंतच्या विंगा पाठ. आता हाताशी स्वतःचं सभागृह होतं. महिन्याला एक प्रायोगिक नाटक, मे महिन्यात मुलांचं शिबिर, असं सगळं वहीत मांडूनही झालं होतं.

पहिल्याच आठवड्यात लाइटवाल्यांचा चेक काढायचा होता. सही करणाऱ्या तिघांपैकी दोघं हयात नव्हते. बँकेतल्या ताई म्हणाल्या, "नवीन नावं लावू, पण परिशिष्ट एक आणा." परिशिष्ट एक म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीतला संस्थेचा उतारा, विश्वस्तांच्या नावांसकट. ते काढलं, तर त्यावर १९९८ साली निवडून आलेले विश्वस्त! त्यानंतर चार निवडणुका झाल्या, पण बदल एकदाही कळवलेला नव्हता.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमधला बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. यालाच सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. आम्हाला चार रिपोर्ट करायचे होते, प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज. वकिलांनी पहिल्या भेटीतच विचारलं, "२००३ ची निवड नोंदलेली नाही, मग २००८ ची सभा बोलावली कोणी आणि कोणत्या अधिकारात?" त्या प्रश्नाने मी रात्रभर झोपले नाही. एक गाठ सुटल्याशिवाय पुढची सुटणार नव्हती.

मग कागद शोधणं. प्रत्येक सभेची नोटीस, इतिवृत्त, निवडून आलेल्यांची संमतीपत्रं, राजीनामे, मृत्यूचे दाखले. २००३ ची इतिवृत्ताची वही रंगमंचाखालच्या ट्रंकेत सापडली, जुन्या झालरींखाली. पावसाळी ओलीने पानं एकमेकांना चिकटलेली, शाई जांभळी पसरलेली. कागद फाटू नये म्हणून मी स्टीलची पट्टी घालून एकेक पान सोडवलं. ठरावाखाली सूचक, अनुमोदक आणि अध्यक्षांची सही तिन्ही शाबूत होती. मी तिथेच खाली बसले.

दिवंगत खजिनदारांच्या मुलीकडे डोंबिवलीला दाखल्यासाठी गेले. तिने दाखल्याबरोबर बाबांची एक डायरी पुढे केली. प्रत्येक कार्यक्रमाचा खर्च, अगदी गजऱ्यांच्या पैशांसकट, रोजच्या रोज लिहिलेला. ज्यांनी हिशेबाला इतकं जपलं, त्यांना नोंदणीचं कोणी सांगितलंच नसावं. म्हणून जुन्या मंडळींना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण नुकसान व्हायचं ते झालंच. एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, ध्वनियंत्रणेसाठी पैसे देऊ केले होते. कंपनी कायद्याच्या अनुसूची सातमध्ये कला आणि संस्कृती स्पष्ट लिहिलेली आहे, तेव्हा विषयाची अडचण नव्हती. मात्र असा निधी घ्यायचा तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागत होती, तिच्याआधी आयकर खात्याच्या १२ए आणि ८०जी या करसवलतीच्या नोंदण्या. आमच्या परिशिष्टावरच दिवंगतांची नावं, मग अर्जावर सही करणार कोण? ते पैसे हातचे गेले.

कला व्यवस्थापनात येऊ बघणाऱ्या मुलामुलींना मी आता हेच सांगते की मुलाखतीलाच परिशिष्ट एक मागा. लाजू नका. संस्था किती जिवंत आहे ते त्यावरून कळतं.

चौदा महिन्यांनी चौथा रिपोर्ट मंजूर झाला. आदेशाची प्रमाणित प्रत घेऊन थेट बँकेत गेले आणि त्याच आठवड्यात लाइटवाल्यांचा चेक निघाला. एवढे महिने त्यांनी एकही प्रयोग अंधारात ठेवला नव्हता.

गेल्या रविवारी वार्षिक सभा आणि निवडणूक झाली. लोक चहाकडे वळले, तेव्हा मी दारात उभं राहून नव्या सातही जणांच्या संमतीपत्रांवर सह्या घेतल्या. सोमवारी कागद वकिलांकडे पोचलेत.