कुठेच नाही

“क्यां जवुं छे?” आज पहाटे बडोदा शहराबाहेर नर्मदेच्या मुख्य कालव्याकाठी म्हैस घेऊन निघालेल्या एका काकांनी विचारले आणि मी सायकल न थांबवताच “क्यांय नहीं” असे उत्तर दिले.

त्यांनी काठीने पाण्याकडे बोट केल्यासारखे केले. “आ तो राजस्थान जाय छे.”

खरेच आहे, ४५८ किलोमीटर वाहत राजस्थानच्या सीमेपर्यंत जाणाऱ्या पाण्याशेजारी माझे उत्तर जरा पोरकटच होते.

परतताना पहिल्या सिग्नलपाशी, मागच्या रिक्षाचा हॉर्न कानात घुमत असताना, लक्षात आले की तासभर माझे बोट ब्रेकला लागलेच नव्हते. कुठेही पोहोचायचे नसताना सायकलीवर निघालेला माणूस आपल्या बडोद्यात इतका विचित्र का वाटावा?