दुसऱ्या नंबरचा डीएनएस

सप्टेंबरअखेर, सांगलीतलं एका सीएंचं ऑफिस. टॅक्स ऑडिटची तारीख तोंडावर आलेली आणि दुपार झाली की आर्टिकलशिपच्या कुठल्यातरी पोराचा फोन: "दादा, टॅलीचा डेटा परत दिसेना."

टॅलीचा बिचारीचा काही संबंध नव्हता. मागे इंटरनेटवाल्याने राउटर बदलला, आयपीची (नेटवर्कवरच्या आकडी पत्त्यांची) रेंजच बदलली आणि प्रत्येक मशीनवरचे शॉर्टकट मेले. ते पुन्हा नको म्हणून मी एका जुन्या पीसीवर लिनक्स आणि डीएनएसमॅस्क (डीएनएसचं, म्हणजे नावावरून आयपी सांगायचं काम करणारा प्रोग्राम) टाकून सर्व्हर, स्कॅनर, प्रिंटर सगळ्यांना नावं दिली होती. हिशोब.ऑफिस.इंटरनल वगैरे. (.लोकल मुद्दाम टाळलं. ते मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव आहे. सरांचं मॅकबुक असलं नाव डीएनएस सर्व्हरला न विचारता नेटवर्कवरच हाका मारत शोधतं. .इंटरनल मात्र इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणाऱ्या आयकॅनने २०२४ मध्ये खासगी वापरासाठी बाजूला काढलंय.)

त्या दिवशी तिथेच ठाण मांडलं. अडलेल्या मशीनवर एनएसलुकअप (नावाचा पत्ता विचारणारी कमांड) मारलं, पत्ता बरोबर. लगेच खाली पिंग (त्या मशीनला हाक मारून बघणारी कमांड) मारलं, तर होस्ट सापडत नाही! एनएसलुकअप थेट पहिल्या डीएनएसला विचारतं, पिंग विंडोजच्या रिझॉल्व्हरमार्फत, म्हणजे नावं शोधून देणाऱ्या भागामार्फत जातं. नेटवर्कची सेटिंग दाखवणाऱ्या आयपीकॉन्फिगमध्ये डीएनएसपुढे दोन ओळी दिसल्या: वर आमचा पीसी, खाली ८.८.८.८, म्हणजे गूगलचा डीएनएस. राउटरच डीएचसीपीतून (मशीनांना आयपी आणि डीएनएस आपोआप देणाऱ्या सोयीतून) तो वाटत होता.

दुसऱ्या डीएनएसला लोक स्टेपनी समजतात. पण पहिल्याने जरा उशीर केला की विंडोज दुसऱ्याला विचारतं, आणि आमचा 'हिशोब' गूगलला कुठून माहीत असणार? तो सरळ सांगतो, असं नाव नाही. 'नाही' हेही उत्तरच. ते मिळालं की विंडोजचा शोध संपला.

मग पहिला उशीर का करत होता? दुपारी लाईट गेली आणि उलगडा झाला. राउटर, स्विच, मुलांची मशीन, सगळं इन्व्हर्टरवर चालू. डीएनएसचा पीसी तेवढा बंद. कुणीतरी टेबलफॅनसाठी त्याचा प्लग काढून साध्या सॉकेटला लावला होता. लाईट येऊन तो उभा राहीपर्यंत सगळे ८.८.८.८ ला विचारून मोकळे.

प्लग जागेवर आणला. राउटर दुसरी ओळ रिकामी सोडेना, म्हणून त्याचा डीएचसीपी बंद करून ते कामही डीएनएसमॅस्कला दिलं. बाहेरची नावं आता तोच ८.८.८.८ ला विचारतो, मशीनं फक्त त्याला. रिसेप्शनचा पीसी तरीही अडला. त्यावर कुणीतरी डीएनएस हाताने घालून ठेवला होता. तोही ऑटोमॅटिकवर टाकला.