सही माझीच

चंद्रपूरकडे सुजलेला पाय दिसला की आधी हत्तीपाय आठवतो. त्यात नवल नाही, हा सगळा पट्टाच त्याचा. या बाईंनीही डीईसीचा, म्हणजे हत्तीपायाच्या गोळ्यांचा, 12 दिवसांचा कोर्स केला होता. रात्री रक्तही तपासून झालं होतं, जंतू सापडले नव्हते. फाईलमध्ये आठ महिन्यांपूर्वीचा डॉप्लर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, होता : 'गुठळी नाही. नॉर्मल.' खाली सही माझी.

"सकाळी बरा रायते मॅडम, संध्याकाळी भरते. डावाच."

घोट्यावर पैंजणाचा वळ उमटला होता. अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडला आणि सावकाश भरून आला.

जांघेपासून घोट्यापर्यंत सोनोग्राफीच्या प्रोबने शिरा दाबून पाहिल्या. सगळ्या नीट दबत होत्या, म्हणजे गुठळी नाहीच. मागच्या वेळी मी इथेच थांबले होते. या वेळी उजवी जांघही पाहिली. तिथला प्रवाह श्वासागणिक वर-खाली होत होता. डावीकडे नुसती सपाट पट्टी. "खोल श्वास घ्या" म्हटलं, तरी ढिम्म. वरच कुठेतरी अडत होतं.

ओटीपोटात गाठ असली तरी असंच दिसतं, म्हणून आधी गर्भाशय आणि अंडाशय बघून घेतले. ठीक होते. मग प्रोब बेंबीखाली दाबून धरला. आतड्यातल्या वायूने बराच वेळ काही दिसू दिलं नाही. शेवटी दिसलं : उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या शिरेवरून आडवी गेली होती आणि शीर मागच्या मणक्यावर चेपली होती. अलीकडे फुगलेली, धमनीखाली चपटी.

मे-थर्नर सिंड्रोम म्हणतात याला. मे आणि थर्नर या दोन डॉक्टरांनी 1957 साली 430 मृतदेह तपासले, तेव्हा 22 टक्क्यांत या जागी शिरेच्या आत पडदे, पट्टे सापडले होते. म्हणजे रचना तशी दुर्मीळ नाही. तिच्यामुळे पाय सुजणं दुर्मीळ. धडधाकट माणसातही ही शीर थोडीफार दबलेली दिसते. त्यामुळे नुसत्या चित्रावर निदान ठोकता येत नाही. इथे सूज, सपाट प्रवाह आणि चेपलेली शीर, तिन्ही एकाच बाजूला होतं. सीटी व्हेनोग्राफीसाठी, म्हणजे शिरांच्या सीटी स्कॅनसाठी, नागपूरला पाठवलं. तिथे पक्कं झालं, पुढे स्टेंटही बसला.

त्या दिवशी नवऱ्याने जुना रिपोर्ट पुढे केला. "मागच्या वेळी नव्हतं का हे?"

"असणार. मी पोटात पाहिलंच नव्हतं."

ते काही बोलले नाहीत. फाईल बांधली. रिसेप्शनवरून फीचं विचारलं, मी नको म्हटलं.