तळहातावर चांदोबा: सहा इंची आरशाचं काम कुठवर आलं

मागणी चार वर्षांच्या पोरीची: चांदोबा हातात दे. बाळरामाला आरसा दाखवून वेळ मारून नेली खरी, पण तो आरसा सपाट, त्यातला चंद्र हाताला लागत नाही. अंतर्गोल आरसा चंद्राची प्रतिमा हवेत उभी करतो. नेमक्या तिथं हात धरला की चंद्र हातावर उमटतो. साताऱ्यातल्या गच्चीवर बापानं मांडलेला खटाटोप तो हाच.

चंद्र त्याच्या व्यासाच्या साधारण ११० पट लांब आहे. म्हणून प्रतिमेचा व्यास म्हणजे आरशाचं नाभीय अंतर भागिले ११०. इथं आरसा १५० मिमीचा, नाभीय अंतर १२०० मिमी. चंद्र ११ मिमीचा, शर्टाच्या बटणाएवढा. आरसा घासताना गोलीय आकारावर थांबलं तरी चालतं. पॅराबोलाचा (दुर्बिणीच्या आरशाला देतात त्या गोलापेक्षा किंचित वेगळ्या खोलगट आकाराचा) अट्टहास इथं वाया, कारण कातडी त्याहून कितीतरी जास्त धूसरपणा आणते.

नळी शेतीच्या पाइपलाइनची, २०० मिमी पीव्हीसी, आतून फळ्याचा काळा रंग. बैठक १८ मिमी प्लायची, फिरत्या जागी सनमायकावर टेफ्लॉनचे तुकडे.

चूक झाली ती तिरप्या आरशाच्या, म्हणजे मोठ्या आरशाकडून आलेला प्रकाश नळीच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर वळवणाऱ्या छोट्या आरशाच्या जागेत. नेहमीच्या दुर्बिणीच्या सवयीनं तो मोठ्या आरशापासून १०८० मिमीवर बसवला. उरले १२० मिमी, त्यातले १०० नळीच्या त्रिज्येतच गेले. प्रतिमा भिंतीबाहेर २० मिमीवर. हात मावणार कुठे? आता तो ९८० मिमीवर आणलाय, म्हणजे हाताला १२० मिमी मोकळे. पण तिथं प्रकाशाचा शंकू जाड असतो, जुना २५ मिमीचा आरसा पुरत नाही. हिशोब असा (१२०० − ९८० = २२०): ११ + २२० × (१५० − ११) ÷ १२०० = ३६.५ मिमी. म्हणून ४० मिमीचा घेतला.

भोक नळीच्या कडेला न ठेवता खालच्या बाजूला आणलंय, आणि या जोडणीतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. चंद्र ३० अंशांवर असताना प्रकाश खाली उतरतो आणि प्रसाद घ्यावा तसा हात पुढे करता येतो. नळी ज्या आसाभोवती वर-खाली झुलते तो जमिनीपासून ७० सेंमीवर ठेवला की तळहात ८० ते ८५ सेंमीवर येतो. पोरीला चौरंग लागत नाही. पौर्णिमेला हिवाळ्यात ही वेळ रात्री आठ-साडेआठची. त्यानंतर चंद्र चढतो, प्रकाश आडवा होत जातो, आणि पोरगीही पेंगते.

उघड्या तळहातावर नुसता पांढरा ठिपका दिसतो. प्रकाश कातडीत शिरून पसरतो, डाग पुसले जातात. टाल्कम पावडरचा पातळ थर दिला की ससा उमटतो, मात्र आरशातल्यासारखा डावं-उजवं उलटा. तोच बटर पेपरवर पाडून मागच्या बाजूनं पाहिला तर डावं-उजवं बरोबर येतं, प्रतिमा फक्त फिरलेली राहते; ती कागद फिरवून नाही, आपलं डोकं फिरवून सुलटी दिसते. हात ४ मिमी पुढेमागे झाला तर धूसरपणा अर्धा मिमी, चालतो. एक सेंमी सरकला की डाग पुसट होतात. म्हणून मनगटाखाली लाकडी टेकू हवा. तो अजून बसवायचा आहे.

दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या व्यासाइतका सरकतो, त्यामुळे नळी हलवणारा माणूस वेगळा लागतो. अष्टमीला प्रयत्न करू नये: अर्ध्या चंद्राचा प्रकाश पूर्ण चंद्राच्या जेमतेम दहावा हिस्सा. रस्त्यावरच्या दिव्याला काळी चादर आडवी बांधावी.

दिवसा नळीच्या तोंडावर झाकण आणि खालच्या भोकाला बूच, दोन्ही सक्तीचे. याच आरशानं सूर्याचं ऊन त्याच ११ मिमीत सुमारे दीडशे पट एकवटतं, आणि पोरीला हात कुठे धरायचा हे आता पाठ झालेलं असतं.